गणिताच्या पदवीची वाट पहिल्या आठवड्यातच दाखवा

प्रति,
माननीय कुलगुरू,
गोंडवाना विद्यापीठ, गडचिरोली



बारावीचा निकाल लागला की राजुऱ्यात प्रवेशाची धावपळ सुरू होते. त्या गर्दीतली काही मुले-मुली बीएस्सीच्या अर्जावर गणिताचा गट निवडतात. कोणी आवडीने, कोणी अभियांत्रिकीला नंबर लागला नाही म्हणून, कोणी चंद्रपूर-नागपूरला खोली करून राहणे परवडत नाही म्हणून. घरून पहिला प्रश्न येतो, "गणितात बीएस्सी करून पुढे काय?" या प्रश्नाचे धड उत्तर मुलाकडे नसते आणि विचारणाऱ्या वडिलांकडेही नसते. मग शेजारचा, मामा किंवा ट्यूशनवाला सांगेल ते खरे धरून तीन वर्षांचा निर्णय होतो.

मी राजुऱ्यात गणित शिकवतो आणि ही मुले जवळून बघतो. त्यांच्या वतीने आपल्याकडे एक मागणी घेऊन आलो आहे. गणित घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पदवीपर्यंतची आणि पदवीनंतरची वाट पहिल्या आठवड्यातच, मराठीत, कागदावर हातात मिळावी. आणि त्या वाटेवरचे पहिले सत्र असे आखले जावे की तिथेच कोणाचा पाय अडखळू नये.

ही मुले कोण, हे आपल्याला ठाऊक आहेच, तरी सांगतो. सास्ती, गोवरी, पोवनीच्या कोळसा खाणींवर काम करणाऱ्यांची मुले आहेत. गडचांदूर, आवारपूरच्या सिमेंट कारखान्यांत कंत्राटी कामाला जाणाऱ्यांची आहेत. कापूस-सोयाबीनची शेती करणाऱ्यांची आहेत. जिवतीच्या डोंगरावरून उतरलेली गोंड आणि कोलाम मुले आहेत. घरात कुठे मराठी, कुठे तेलुगू, कुठे गोंडी, कुठे कोलामी. बहुतेकांची दहावी मराठी माध्यमातून झालेली असते, अकरावीत एकाएकी इंग्रजी पुस्तक हातात येते, आणि दोन वर्षांत त्या पुस्तकाशी जेमतेम ओळख होते तोवर बीएस्सी समोर उभी राहते. पावसाळ्यात वर्धेला पूर आला की राजुरा-बल्लारपूर पूल पाण्याखाली जातो आणि चंद्रपूरचा सरळ रस्ता बंद होतो. सत्र नुकते सुरू झालेले असते तेव्हाच नेमके हे घडते. तास बुडतात, आणि गणितात बुडलेला तास पुढच्या दहा तासांना नडतो.

पण माझ्या अनुभवाने खरी अडचण वेगळी आहे. बारावीपर्यंतचे गणित आणि महाविद्यालयातले गणित यांचा स्वभावच निराळा आहे, आणि हे मुलांना कोणी आधी सांगत नाही. शाळेत उदाहरण सोडवायचे, उत्तर काढायचे, मागे छापलेल्या उत्तराशी जुळले की झाले. पदवीच्या वर्गात उत्तर आधीच फळ्यावर असते आणि विचारले जाते, हे नेहमीच खरे का? बारावीत ऐंशी-नव्वद गुण मिळवणारा मुलगा इथे गोंधळतो. आपली बुद्धी कमी पडली असे त्याला वाटते. प्रत्यक्षात त्याला नव्या प्रकारचे काम दिलेले असते आणि ते कसे करायचे हे दाखवलेले नसते.

हे काम कसले, हे दाखवण्यासाठी मी वर्गात दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचे उदाहरण घेतो. कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून बीएस्सी झाले आणि पुढची सगळी नोकरी त्यांनी देवळालीला शाळाशिक्षक म्हणून केली. पदव्युत्तर पदवी त्यांच्याकडे नव्हती. १९४९ मध्ये त्यांना ६१७४ या संख्येचा एक गुण सापडला. पुढे १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकातल्या आपल्या सदरात कापरेकरांच्या कामाबद्दल लिहिले आणि देवळालीच्या या मास्तरांचे नाव जगभर गेले.

फळ्यावर मी १९५६ लिहितो. राजुरा तालुका हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला ते हे वर्ष, त्यामुळे मुलांना आकडा आपला वाटतो. अंक उतरत्या क्रमाने मांडले तर ९६५१, चढत्या क्रमाने १५६९. वजाबाकी ८०८२. आता ८०८२ चे तसेच करायचे : ८८२० वजा ०२८८, उत्तर ८५३२. पुन्हा एकदा : ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. आणि ६१७४ ला हीच कृती लावली की पुन्हा ६१७४. मुले आपापली जन्मवर्षे घेतात, गाडीचे नंबर घेतात. चारही अंक सारखे नसले की जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सगळे तिथेच पोचतात. वर्गात पाच मिनिटे नुसता गलका असतो.

इथपर्यंत शाळा. त्यानंतर मी विचारतो, नेहमीच असे होणार हे कशावरून? कोणी म्हणते, शंभर संख्या तपासल्या सर. मी म्हणतो, एकशे एकावी चुकली तर? मग आम्ही अंकांना मोठ्याकडून लहानाकडे क, ख, ग, घ अशी नावे देतो. वजाबाकी केली की येते ९९९ गुणिले (क − घ) अधिक ९० गुणिले (ख − ग). म्हणजे उत्तर चार अंकांवर अवलंबून नाही, फक्त दोन फरकांवर आहे. पहिला फरक १ ते ९ मधला. दुसरा शून्यापासून पहिल्या फरकापर्यंतचा, त्याहून मोठा होऊच शकत नाही. मोजले तर अशा जोड्या फक्त ५४. सुरुवातीचे शून्य धरून चार अंकी ९,९९० संख्या तपासायच्या होत्या, त्या पहिल्याच वजाबाकीत ५४ वर आल्या. आता एक पानभर चिकाटी दाखवली की प्रत्येक जोडी तपासून होते, आणि 'नेहमीच' हा शब्द छातीठोकपणे लिहिता येतो.

माननीय कुलगुरू, महाविद्यालयीन गणित ते हेच. जिवतीहून येणाऱ्या मुलीला हे कळते. ज्याची इंग्रजी कच्ची आहे त्याला कळते. ज्याने कोणती शिकवणी लावली नाही त्यालाही कळते, कारण इथे लागते ती वजाबाकी आणि डोके. याच मुलांना पहिल्या सत्रात सीमा, सातत्य, श्रेणी यांच्या व्याख्या थेट इंग्रजी पुस्तकातून दिल्या की ती पाठांतराकडे वळतात. गाइड येते, अपेक्षित प्रश्नांचा संच येतो, पेपर कसाबसा निघतो किंवा बॅक लागते. पुढच्या सत्रात मागचा आणि चालू असे दोन्ही विषय डोक्यावर बसतात. गणित सुटते ते बहुधा इथे.

म्हणून मागणीचा पहिला भाग असा. पहिल्या सत्राचे पहिले तीन-चार आठवडे विद्यापीठाने पूर्वतयारीसाठी राखावेत. त्यात नवा अभ्यासक्रम नको. विधान म्हणजे काय, त्याचा व्यत्यास म्हणजे काय, 'प्रत्येक' आणि 'एखादा' यांत फरक काय, उलट गृहीत धरून सिद्धता कशी द्यायची, गणिती विगमन कसे वापरायचे, एवढेच शिकवावे. सोबत बारावीतले फलन, त्रिकोणमिती आणि विकलन यांची उजळणी व्हावी. बोलणे मराठीत, लिहिणे हळूहळू इंग्रजीत. भाषा संचालनालयाने गणितशास्त्राचा परिभाषा कोश पूर्वीच काढलेला आहे. त्यातल्या रोज लागणाऱ्या शंभर-दीडशे संज्ञा दोन्ही भाषांत छापून मुलांच्या वहीत चिकटवता येतील. याला खर्च नगण्य आहे.

दुसरा भाग वाटेच्या आखणीचा. नवीन शैक्षणिक धोरणात पदवीची रचना बदलली. पहिल्या वर्षाअखेर चाळीस-चव्वेचाळीस क्रेडिट आणि ठरवून दिलेला जादा भाग पूर्ण केला तर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. चार वर्षे केली तर एमएस्सी एका वर्षाची, तीन केली तर दोन वर्षांची. मेजर, मायनर, मुक्त निवड, कौशल्य अभ्यासक्रम या सगळ्यांच्या वेगळ्या क्रेडिट. शहरातल्या सुशिक्षित घरात यावर चर्चा होते. विरूर स्टेशनच्या किंवा देवाड्याच्या मुलाशी यावर कोण बोलणार? आणि इथे केलेली एक निवड पुढची दारे बंद करू शकते. गणित मेजरऐवजी मायनर ठेवले, तर एमएस्सीच्या प्रवेशाला अडचण येऊ शकते, कारण पदवीत किमान दोन वर्षे किंवा चार सत्रे गणित असावे, अशी अट अनेक संस्था घालतात.

बाहेर पडण्याच्या सोयीबद्दल मला काळजी वाटते ती मोकळेपणाने सांगतो. ज्याच्या घरी आजार आला, पीक गेले, त्याला एक वर्ष वाया न जाता थांबता यावे ही सोय चांगलीच आहे. पण ती परत येण्याच्या हमीसह सांगितली गेली पाहिजे. क्रेडिट ॲकॅडेमिक बँकेत जमा राहतात, नंतर पुढचे शिक्षण तिथूनच सुरू करता येते, आणि त्याला कालमर्यादा असते, हे प्रत्येकाला तोंडी आणि लेखी सांगावे. नाहीतर गरिबाच्या मुलाने प्रमाणपत्र घेऊन थांबायचे आणि सधनाच्या मुलाने ऑनर्स करायचे, अशी वाटणी नकळत होऊन बसेल.

तिसरा भाग सर्वांत निकडीचा, कारण त्याचे वेळापत्रक दुसऱ्यांच्या हातात आहे. आयआयटीत गणिताची एमएस्सी करायची तर 'जॅम' ही परीक्षा द्यावी लागते. ती फेब्रुवारीत होते आणि तिचे अर्ज आदल्या सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात. म्हणजे विद्यार्थी तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रात असतानाच अर्ज भरायचा आणि सहावे सत्र रांगेला लागते न लागते तोच परीक्षेला बसायचे. पेपरात वास्तव विश्लेषण, रेषीय बीजगणित, गट सिद्धांत, बहुचल कलन आणि विकल समीकरणे असतात. यातला एखादा विषय सहाव्या सत्रात ठेवला, तर मुलाने तो शिकण्याआधीच परीक्षा होऊन गेलेली असते. गणिताच्या अभ्यास मंडळाला माझी हात जोडून विनंती आहे की, विषयांचा क्रम लावताना फेब्रुवारीची ही तारीख समोर ठेवावी आणि हे पाचही विषय पाचव्या सत्राअखेर पूर्ण होतील असे पाहावे. राजुऱ्याच्या मुलाला कोटा-पुण्याची शिकवणी परवडणार नाही. त्याची शिकवणी म्हणजे आपला अभ्यासक्रम.

पहिल्या आठवड्यात द्यायच्या त्या कागदावर बाकीचे टप्पेही यावेत. बारावीनंतर लगेच बंगळुरूला बीमॅथ किंवा कोलकात्याला बीस्टॅट करता येते, त्यासाठी भारतीय सांख्यिकी संस्थेची प्रवेश परीक्षा असते. चेन्नईच्या गणित संस्थेतही बारावीनंतर प्रवेश मिळतो. बोर्डाच्या परीक्षेत वरच्या एक टक्क्यात येऊन बीएस्सीला मूलभूत विज्ञान घेणाऱ्यांसाठी केंद्राची वर्षाला ८० हजारांची 'इन्स्पायर' शिष्यवृत्ती आहे. पदवीच्या मुलांसाठी माधव गणित स्पर्धा आहे, तिची सूत्रे पुण्याहून हलतात. १९९३ मध्ये एस. कुमारेसन यांनी सुरू केलेला एमटीटीएस हा उन्हाळी प्रशिक्षण वर्ग आहे. तिथे निवडलेल्या मुलांना काही आठवडे विचार करून गणित करायला शिकवतात. पुण्यात श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये स्थापन केलेली भास्कराचार्य प्रतिष्ठान ही संस्था आहे. आणि आपल्याला सर्वांत सोयीचे म्हणजे हैदराबाद. राजुरा एकेकाळी निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, बल्लारशाहवरून सिकंदराबादला थेट गाड्या जातात, आणि १९७४ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबाद केंद्रीय विद्यापीठात गणित आणि सांख्यिकीचे नावाजलेले अध्यापन होते. आमच्या मुलांना पुण्याहून ते जवळ आहे.

सगळ्यांना संशोधक व्हायचे नसते, आणि होऊही नये. नववी-दहावीला शिकवायचे तर बीएस्सीनंतर दोन वर्षांचे बीएड आणि शिक्षक अभियोग्यता चाचणी. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचे तर एमएस्सी आणि बीएड. वरिष्ठ महाविद्यालयात एमएस्सीला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट. बँक, विमा, सांख्यिकी खाते, संगणक क्षेत्र, स्पर्धा परीक्षा या सगळीकडे गणिताच्या पदवीला किंमत आहे. ज्याला तिकडे जायचे त्याने मायनर म्हणून सांख्यिकी किंवा संगणकशास्त्र घ्यावे, हे त्याला आधी कळले तर उपयोग. तिसऱ्या वर्षी कळून काय करायचे?

शिक्षकांबद्दल बोलल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. राज्यभर महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर काम करणारे प्राध्यापक आहेत. पुढच्या वर्षी आपण असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो तीन वर्षांची आखणी मुलाला कशी करून देणार? भरती शासनाच्या हातात आहे हे मी जाणतो. तरी कुलगुरू म्हणून आपला शब्द मंत्रालयात पोचतो. रिक्त जागा भरण्यासाठी तो शब्द गणितासाठी वेगळा आणि ठासून टाकावा. तोवर विद्यापीठाच्या पदव्युत्तर गणित विभागातल्या प्राध्यापकांनी महिन्यातून एक शनिवार तालुक्याच्या ठिकाणी द्यावा. 'विद्यापीठ आपल्या गावात' हा उपक्रम याच विद्यापीठाने सुरू केला. मुलांनी गडचिरोलीला येण्याऐवजी विद्यापीठाने त्यांच्याकडे जावे, ही कल्पना आपलीच आहे. ती गणितालाही लागू करा. 'स्वयम्' या ऑनलाइन मंचावरचे अभ्यासक्रम मोफत आहेत आणि एका सत्रातले चाळीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम त्यातून करण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने दिली आहे. पण ते मोबाइलवर एकट्याने बघून होत नाही. महाविद्यालयात एक खोली, एक पडदा आणि थांबवून समजावणारा एक माणूस हवा.

मुलींचे वेगळे सांगतो. बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास असतो. पदवीला तो बंद होतो. सवलतीचा पास मिळतो, पण घरात पैशाचा विचार सुरू झाला की पहिली कात्री मुलीच्या शिक्षणाला लागते. गावातून सकाळची बस चुकली की प्रात्यक्षिक जाते, संध्याकाळची बस लवकर म्हणून ग्रंथालय जाते. वर्गात सर्वांत नेटकी सिद्धता लिहिणारी मुलगी दुसऱ्या वर्षी दिसेनाशी होते आणि नंतर कळते, लग्न झाले. गणिताची पदवी पुरी करणाऱ्या मुलीला पुढे बीएड करून गावाजवळच नोकरी मिळू शकते, हे आई-बापाला महाविद्यालयाने बोलावून सांगितले तर लग्नाची तारीख पुढे ढकलली जाते. मी हे होताना पाहिले आहे. पालकांची अशी बैठक प्रत्येक महाविद्यालयात पहिल्याच महिन्यात सक्तीची करावी. पदवीच्या मुलींना मोफत पास मिळावा यासाठी विद्यापीठाने शासनाकडे ठराव पाठवावा. आदिवासी मुलांसाठी 'स्वयं' योजना, अनुसूचित जातींसाठी 'स्वाधार', इतर मागासवर्गीयांसाठी 'आधार', यांचे अर्ज भरून घेण्याची जबाबदारी महाविद्यालयातल्या एका ठरलेल्या माणसावर टाकावी.

कोणी म्हणेल, गणित घेणारी मुले मुळात थोडी, त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशाला? मी उलट विचारतो. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या माध्यमिक शाळांत उद्या गणित कोण शिकवणार? बाहेरचा शिक्षक इथे येतो आणि बदलीची वाट बघतो. राजुऱ्याची, कोरपन्याची, जिवतीची, अहेरीची मुलेच शिकून परत आली तर दहावीच्या वर्गात गणिताची भीती कमी होईल, अकरावीत गणित सोडणारे कमी होतील आणि आपल्या पदवीच्या वर्गात बाके भरतील. सुरुवात पदवीपासूनच करावी लागेल, कारण शिक्षक तिथे घडतो.

मी मागतो त्यात नव्या इमारतीची मागणी नाही. पहिल्या सत्रात पूर्वतयारीचे काही आठवडे, दोन पानांचा मराठी आराखडा, विषयांचा फेरविचार केलेला क्रम, महिन्याचा एक शनिवार, पालकांची एक बैठक. यातले बहुतेक निर्णय अभ्यास मंडळ आणि विद्वत परिषद यांच्या एकेका बैठकीत होऊ शकतात. पुढच्या जूनमध्ये प्रवेशाचे अर्ज सुरू होण्याआधी ते व्हावेत. तो दोन पानांचा आराखडा लिहून द्यायला राजुऱ्यातले आम्ही शिक्षक तयार आहोत. आपण फक्त तो विद्यापीठाच्या नावाने प्रत्येक महाविद्यालयात, प्रत्येक मुलाच्या हातात पोचवण्याचा आदेश काढावा.

आपला,
राजुऱ्यातील गणिताचा एक शिक्षक